कोलेस्टेरॉल आटोक्यात असूनही एचएस-सीआरपी वाढलेले : हृदयाच्या धमन्यांमधल्या दाहाचा अर्थ काय लावावा?

इंदिरानगरकर यांचा प्रश्न

नमस्कार. माझे वडील ६१ वर्षांचे असून अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यातून निवृत्त झाले आहेत. चार महिन्यांपूर्वी त्यांना हृदयविकाराचा झटका आला, त्याच दिवशी अँजिओप्लास्टी झाली आणि हृदयाच्या पुढच्या बाजूने उतरणाऱ्या धमनीत एक स्टेंट, म्हणजे आपल्याकडे सगळे जिला ‘स्प्रिंग’ म्हणतात ती, बसवली गेली. तेव्हापासून त्यांची तीस वर्षांची तंबाखू सुटली आहे, सकाळी गोदापार्कला चालणे सुरू झाले आहे, आणि कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिनची गोळी नियमित चालू असल्यामुळे झटक्याच्या वेळी १४८ असलेले एलडीएल कोलेस्टेरॉल आता ६२ वर आले आहे. डॉक्टरांनीही त्यावर समाधान व्यक्त केले होते.

गेल्या आठवड्यात मात्र भावाने सवलतीत मिळते म्हणून एका प्रयोगशाळेचे ‘हार्ट पॅकेज’ करून घेतले. त्यात एचएस-सीआरपी, म्हणजे शरीरातली सूज दाखवणारी रक्ताची तपासणी, ३.८ आले आणि त्यापुढे लाल अक्षरांत ‘उच्च जोखीम’ असे छापून आले. तो कागद हातात आल्यापासून घरातले कोणी धड जेवलेले नाही. त्यात आत्याचे यजमान कुठून तरी आलेला एक संदेश सगळ्या नातेवाइकांना पाठवत आहेत, की कोलेस्टेरॉल निर्दोष आहे, खरी गुन्हेगार ‘सूज’ आहे, आणि म्हणून स्टॅटिन बंद करून सूज उतरवणारे पदार्थ खावेत. परवा वडिलांनी गोळी तळहातावर ठेवून ‘मग ही कशाला गिळायची?’ असे विचारले, तेव्हा मला उत्तर देता आले नाही.

रक्तवाहिनीत सूज असते म्हणजे नेमके काय असते, ती असेल तर दुखत का नाही, आणि ३.८ या आकड्याला किती घाबरायचे, हे कोणी समजावून सांगू शकेल का? हृदयरोगतज्ज्ञांची वेळ तीन आठवड्यांनंतरची मिळाली आहे. त्यांना काय विचारायचे हे तरी मला तोवर कळायला हवे.

निवृत्त मास्तर, म्हसरूळ यांचे उत्तर

मी अनेक वर्षे वैद्यकीय विद्यार्थ्यांना विकृतिशास्त्र (पॅथॉलॉजी) शिकवले, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल, ते सांभाळून घ्यावे.

निम्मा घोळ ‘सूज’ या शब्दानेच घातला आहे. सूज म्हटले की आपल्याला ठेच लागलेला अंगठा आठवतो, आणि पुस्तकातला ‘दाह’ हा शब्द वापरला तर ऐकणारा पित्ताची जळजळ समजतो. पहिल्या शतकातला रोमन लेखक सेल्सस याने दाहाची चार लक्षणे सांगितली होती : लाली, सूज, उष्णता आणि वेदना. धमनीच्या भिंतीतला दाह यांपैकी एकही लक्षण बाहेर कळू देत नाही, कारण तो तीन-चार मिलिमीटर रुंदीच्या नळीत, अस्तराच्या खाली, पेशींच्या पातळीवर वर्षानुवर्षे संथपणे चाललेला असतो. छातीत दुखते ते दाहामुळे नाही. हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडले की दुखते.

शवविच्छेदनात हृदयाची धमनी आडवी कापताना कात्री कधी कधी करकर वाजते, ती भिंतीत साचलेल्या कॅल्शियममुळे. विद्यार्थ्यांचे लक्ष त्या आवाजाकडे जाई. मी मात्र त्यांना अशी जागा दाखवत असे, जिथे कात्री मुळीच अडखळत नाही. तिथे भिंतीत एक मऊ पिवळसर उंचवटा असतो, चिमट्याच्या टोकाने दाबला तर आंबिलासारखा लगदा बाहेर येतो, आणि त्या लगद्यावर सायीसारखा पातळ पापुद्रा असतो. ‘अथेरोमा’ हे नाव ज्या ग्रीक शब्दावरून आले त्याचा अर्थच मुळी पेज किंवा लापशी असा आहे. झटक्याने गेलेल्या माणसाच्या हृदयात रक्ताची गुठळी पुष्कळदा याच पापुद्र्याच्या फाटलेल्या जागी सापडते.

हा लगदा कसा तयार होतो ते पाहिले, की कोलेस्टेरॉल खरे की दाह खरा, हा वादच उरत नाही. रक्तातले एलडीएलचे कण अस्तरातून आत शिरतात आणि भिंतीतल्या तंतूंमध्ये अडकून पडतात. अडकलेल्या कणांचे ऑक्सिडीकरण होते, तसे वरचे अस्तर स्वतःच्या पृष्ठभागावर चिकट प्रथिने उभी करते आणि रक्तातून वाहत जाणाऱ्या मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी तिथे थांबतात. त्या आत जाऊन भक्षक पेशी बनतात आणि ते कण गिळू लागतात. सूक्ष्मदर्शकाखाली या पेशी साबणाच्या फेसासारख्या दिसतात, म्हणून त्यांना फेनपेशी म्हणतात. त्या मेल्या की त्यांच्या पोटातली चरबी तिथेच सांडते आणि तिचा लगदा होतो. जिवंत असलेल्या भक्षक पेशी आणखी मदत मागवणारी रसायने सोडत राहतात, शिवाय पापुद्र्याला धरून ठेवणारे कोलॅजन हे प्रथिन विरघळवणारी विकरेही (एन्झाइम्स) सोडतात. पापुद्रा फाटला की आतला लगदा रक्ताला भिडतो आणि काही मिनिटांत गुठळी धरू लागते. कधी कधी पापुद्रा न फाटता नुसते वरचे अस्तर खरवडले गेले तरीही गुठळी होते. तंबाखूचा धूर, मधुमेह आणि वाढलेला रक्तदाब त्या अस्तराला आधीच जेरीस आणतात. म्हणजे एलडीएल हे सरपण आहे आणि दाह हा त्याचा जाळ. आत्याच्या यजमानांनी जाळाकडे बोट दाखवले ते बरोबर आहे, पण सरपण घालत राहा असे सांगितले, ते चूक आहे.

हा विचार नवाही नाही. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ विर्शो याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरच हा भिंतीतल्या दाहाचा आजार आहे असे मांडले होते, आणि व्हिएन्नाचा रोकितान्स्की त्याच्याशी सहमत नव्हता. पुढे कोलेस्टेरॉलचे पुरावे इतके भक्कम निघाले, की धमनी म्हणजे गंज चढलेला नळ ही सोपी प्रतिमा सगळ्यांच्या, डॉक्टरांच्यासुद्धा, डोक्यात बसली. १९९९ मध्ये रसेल रॉस या अमेरिकी संशोधकाने ‘हा दाहजन्य आजार आहे’ असे लेखाच्या शीर्षकातच लिहिले, तेव्हापासून आमचे धडे बदलले.

आणखी एक गोष्ट घरच्यांना जरूर सांगा. स्टेंटने एक जागा उघडली आहे, आजार मात्र सगळ्या धमन्यांत थोडाथोडा पसरलेला असतो. ज्या जागी झटका येतो ती जागा आदल्या तपासणीत अनेकदा निम्मीसुद्धा अरुंद झालेली नसते. त्यामुळेच कालपर्यंत ट्रेडमिलवर ठणठणीत धावलेला माणूस आज अतिदक्षता विभागात दिसतो. त्या न दिसणाऱ्या जागांवरचा पापुद्रा जाड व्हावा, हेच वडिलांच्या तळहातावरच्या त्या गोळीचे काम आहे.

काचपट्टी, नाशिक रोड यांचे उत्तर

मी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून काम करते, म्हणून फक्त आकड्याबद्दल लिहिते.

सीआरपी हे यकृतात तयार होणारे प्रथिन असून १९३० मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते प्रथम ओळखले गेले. शरीरात कुठेही दाह झाला की इंटरल्यूकिन-६ नावाचा निरोप यकृताकडे जातो आणि यकृत सीआरपी सोडू लागते. दाह दातात आहे, फुफ्फुसात आहे की हृदयाच्या धमनीत, हे त्या प्रथिनाला सांगता येत नाही. ‘एचएस’ लावलेली तपासणी याच प्रथिनाची आहे, तिला फक्त फार थोडे प्रमाणही मोजता येते. यंत्रात सीरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणाऱ्या पिवळसर द्रवात, प्रतिपिंड (अँटिबॉडी) लावलेले सूक्ष्म लॅटेक्सचे कण सोडले जातात, सीआरपी असेल तर ते एकमेकांना चिकटून द्रव गढूळ होतो, आणि पलीकडे पोचणारा प्रकाश किती घटला यावरून आकडा निघतो.

हृदयाच्या जोखमीसाठी दर लिटरला १ मिलिग्रॅमपेक्षा कमी म्हणजे कमी, १ ते ३ मध्यम आणि ३ च्या वर जास्त, अशी ढोबळ विभागणी वापरतात. १० च्या वर आकडा गेला तर हृदयाचा विचार बाजूला ठेवून आधी संसर्ग किंवा दुखापत शोधायची आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त द्यायचे. कागदावरचे एकक नीट वाचा, कारण काही प्रयोगशाळा डेसिलिटरमध्ये आकडा देतात आणि तिथला ०.३८ म्हणजेच इथला ३.८ असतो. दोन ठिकाणचे कागद शेजारी ठेवून ‘दहापट वाढले हो’ म्हणत रडत आलेली माणसे मी काउंटरवर पाहिली आहेत.

आता मला एक सांगा : रक्त दिले त्याच्या आधीच्या पंधरवड्यात वडिलांना सर्दी-खोकला, ताप, दातदुखी, लघवीची जळजळ, कुठे मार, लस, किंवा न झेपणारी चाल, यांपैकी काही झाले होते का? सीआरपी रक्तात जेमतेम १९ तासांत निम्मे होते, पण मूळ दाह चालू असेपर्यंत यकृत ते ओतत राहते. एकाच नमुन्यावरून लाल शाई वापरणे मला वैयक्तिकरीत्या पटत नाही, पण अहवालाचा साचा संगणकातूनच तसा येतो.

पंचवटी-४२२००३ यांचे उत्तर

सर्वांचे लिखाण वाचले. दाहच कमी करायचा असेल तर अंगदुखीची गोळी, जिच्यावर ‘सूज व वेदनेसाठी’ असेच लिहिलेले असते, ती रोज एक घेतली तर चालणार नाही का? आमच्या घरी तर रात्री हळदीचे दूध असतेच. शिवाय हृदयाच्या रुग्णांना अ‍ॅस्पिरिन देतात, तीही सुजेवरचीच गोळी आहे ना?

देवळालीचा फिजिशियन यांचे उत्तर

पंचवटीकरांचा प्रश्न साधा दिसतो, पण बाह्यरुग्ण विभागात मला सर्वांत जास्त काळजी याच समजुतीची वाटते, म्हणून आधी तेच घेतो. अंगदुखीच्या गोळ्यांनी हृदयाचे रक्षण होत नाही, उलट जोखीम वाढते. रोफेकॉक्सिब नावाची वेदनाशामक गोळी २००४ मध्ये जगभरातून मागे घेतली गेली, ती हृदयविकाराचे झटके वाढल्याचे दिसल्यामुळेच. डायक्लोफिनॅकचा दोषही त्याच जातीचा आहे, आणि आयब्युप्रोफेन तर अ‍ॅस्पिरिनच्या आधी घेतल्यास अ‍ॅस्पिरिनची जागा अडवून बसते. दाह म्हणजे एकच बटण नसते, त्याच्या अनेक वाटा असतात. या गोळ्या ज्या वाटेवर काम करतात ती दुखण्याची वाट आहे, धमनीतल्या भक्षक पेशींची नाही. अ‍ॅस्पिरिन हृदयासाठी ७५ मिलिग्रॅम इतक्या लहान मात्रेत देतात आणि त्या मात्रेत ती रक्तातल्या बिंबिकांना (प्लेटलेट्सना) एकमेकींना चिकटू देत नाही, एवढेच तिचे काम असते. हळद स्वयंपाकात खुशाल असू द्या. तिच्यातले कर्क्युमिन आतड्यातून फारच थोडे शोषले जाते, आणि हळदीच्या कॅप्सूलने झटके टळतात असे दाखवणारी मोठी चाचणी झालेली नाही. रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असताना तसल्या कॅप्सूल डॉक्टरांना न सांगता घेऊ नयेत.

आता इंदिरानगरकर ताईंच्या मूळ प्रश्नाकडे येतो. दाह कमी केला तर झटके खरोखर कमी होतात का, याचे थेट उत्तर २०१७ मध्ये ‘कँटोस’ चाचणीने दिले. पूर्वी झटका येऊन गेलेल्या आणि एचएस-सीआरपी २ किंवा त्याहून अधिक असलेल्या १०,०६१ रुग्णांमध्ये इंटरल्यूकिन-१ बीटा या एकाच रसायनाला अडवणारे कॅनाकिनुमॅब हे इंजेक्शन दर तीन महिन्यांनी दिले गेले. त्याच्या १५० मिलिग्रॅमच्या मात्रेने एलडीएल न घटवता झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण १५ टक्क्यांनी घटले. तत्त्व सिद्ध झाले, पण प्राणघातक जंतुसंसर्ग काहीसे वाढले, एकूण मृत्यूंत फरक पडला नाही, औषध अतोनात महाग होते, आणि अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१८ मध्ये हृदयविकारासाठी त्याला मान्यता नाकारली. त्यानंतर संधिवातातले स्वस्त मेथोट्रेक्सेट कमी मात्रेत देऊन पाहिले, तर त्याने ना सीआरपी उतरले ना झटके.

मग पाळी आली कोल्चिसिनची. आपल्या भागातल्या लोकांना याची गंमत वाटेल. पावसाळ्यात त्र्यंबकेश्वर-इगतपुरीच्या रानात लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुले येणारी कळलावी सर्वांनी पाहिली असेल. तिच्या कंदात हेच कोल्चिसिन असते, आणि तो कंद खाऊन माणसे दगावतात, त्यामुळे कोणीही काढा करण्याचा विचार मनात आणू नये. औषध म्हणून ते गाऊटसाठी, म्हणजे युरिक अ‍ॅसिडमुळे होणाऱ्या सांधेदुखीसाठी, जुन्या काळापासून वापरले जाते. झटक्यानंतर ३० दिवसांच्या आत रोज ०.५ मिलिग्रॅम सुरू केलेल्या ४,७४५ रुग्णांच्या चाचणीत (२०१९) हृदयविकाराशी संबंधित घटना २३ टक्क्यांनी, आणि जुना, स्थिर आजार असलेल्या ५,५२२ रुग्णांच्या चाचणीत (२०२०) ३१ टक्क्यांनी घटल्या. २०२३ मध्ये अमेरिकेत त्याला या कामासाठी मान्यताही मिळाली. मात्र २०२४ मध्ये ७,०६२ रुग्णांची आणखी मोठी चाचणी आली, तिच्यात झटक्यानंतर लगेच कोल्चिसिन देऊनही घटनांमध्ये फरक पडला नाही, सीआरपी मात्र उतरले होते.

हे शेवटचे वाक्य पुन्हा वाचा. सीआरपी ही पावती आहे, माल नव्हे, आणि पावती फाडली म्हणून माल परत जात नाही. आनुवंशिक अभ्यासांतही तेच दिसले : ज्यांच्यात जन्मतःच सीआरपी जास्त बनते त्यांना त्यामुळे झटके जास्त येत नाहीत, पण ज्यांच्यात इंटरल्यूकिन-६ चा निरोप जन्मतः मंद असतो त्यांना ते कमी येतात. त्यामुळे ३.८ हा आकडा ‘खाली आणायचा’ नसतो, तो का वर आहे हे शोधायचे असते. स्टॅटिन चालू असलेल्या रुग्णांत तो सतत वर राहिला तर मी तो गांभीर्याने घेतो, कारण स्टॅटिन घेणाऱ्या ३१,२४५ रुग्णांच्या एकत्रित विश्लेषणात (२०२३) पुढच्या धोक्याचा अंदाज एलडीएलपेक्षा एचएस-सीआरपीने चांगला दिला होता. स्टॅटिन स्वतःही दाह घटवते. ज्यांचे एलडीएल १३० च्या आत पण एचएस-सीआरपी २ च्या वर होते अशा १७,८०२ निरोगी लोकांत रोसुवास्टॅटिनने एचएस-सीआरपी ३७ टक्क्यांनी आणि घटना ४४ टक्क्यांनी कमी झाल्या. फायदा स्पष्ट दिसल्यामुळे ती ‘ज्युपिटर’ चाचणी २००८ मध्ये मुदतीआधीच थांबवावी लागली. दाह हाच खरा गुन्हेगार असे ज्यांना वाटते त्यांनी तर स्टॅटिन अधिकच घट्ट धरून ठेवायला हवे.

तज्ज्ञांना विचारायचे असेल तर हे विचारा : क्रिएटिनिन किती आहे (मूत्रपिंड कमजोर असेल तर कोल्चिसिन अंगात साठते, आणि क्लॅरिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक सोबत आले तर जिवावर बेतू शकते), पोटाचा घेर किती कमी व्हायला हवा (पोटातली चरबी इंटरल्यूकिन-६ स्वतः तयार करते), आणि फ्लूची लस कधी घ्यायची. कॅनडातल्या २०१८ च्या एका अभ्यासात फ्लूचे निदान झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत झटक्याचे प्रमाण सहापट दिसले होते, तरीही आपल्याकडे हृदयाच्या रुग्णांना ही लस सुचवली जात नाही, ही माझी जुनी तक्रार आहे.

जेलरोडची आजी यांचे उत्तर

मी डॉक्टर नाही, पण माझा अनुभव इथे उपयोगी पडेल. मला वीस वर्षांपासून रुमॅटॉइड संधिवात आहे, सकाळी बोटे इतकी आखडतात की दुधाची पिशवी कात्रीनेसुद्धा कापता येत नाही. कोलेस्टेरॉल मात्र नेहमी कमी, त्यामुळे हृदयाची चिंता कोणी केली नाही. तीन वर्षांपूर्वी रात्री जबडा आणि डावा खांदा भरून आला. आम्ही ज्या दवाखान्यात गेलो तिथे संधिवाताचेच दुखणे म्हणून इंजेक्शन देऊन घरी पाठवले, ईसीजी काढलाच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी दुसरीकडे नेले तेव्हा झटका येऊन गेल्याचे कळले.

तिथल्या डॉक्टरांनी समजावले, की संधिवात भडकलेला असताना कोलेस्टेरॉल उलट कमी दिसते, आणि या आजारात हृदयविकाराचा धोका इतरांच्या साधारण दीडपट धरतात. सांध्यातला दाह आणि धमनीतला दाह एकमेकांना ओळखतात, असे ते म्हणाले. फिजिशियन साहेबांनी सांगितलेल्या त्या वेदनाशामक गोळ्या मी वर्षानुवर्षे औषधांच्या दुकानातून परस्पर आणून खाल्ल्या होत्या. मुली, तुझ्या वडिलांच्या गुडघ्याबिडघ्याला काही गोळी चालू नाही ना, ते त्यांच्या कपाटात बघ. पुरुष माणसे असल्या गोळ्या सांगत नाहीत.

इंदिरानगरकर

आजी, तुमचे वाचून उठले आणि खरोखरच कपाट उघडले. स्वेटरच्या घडीखाली डायक्लोफिनॅकची अर्धी संपलेली पट्टी मिळाली. गुडघ्यासाठी अधूनमधून घेतो, ती काय रोजची गोळी थोडीच आहे, असे वडिलांचे म्हणणे पडले. ती पट्टी आता माझ्याकडे आहे.

काचपट्टी ताई, रक्त द्यायच्या पाच दिवस आधी त्यांनी दाढ काढून घेतली होती आणि हिरडी चांगलीच सुजली होती, हे आम्ही पार विसरून गेलो होतो. कागदावरचे एकक लिटरचेच आहे. पुढच्या भेटीच्या आदल्या दिवशी, म्हणजे दाढ काढल्याला महिना झालेला असताना, तुम्ही सांगितल्याप्रमाणे पुन्हा रक्त देणार आहोत आणि सोबत क्रिएटिनिनही करून घेणार आहोत.

मास्तर, तुमचा सायीचा परिच्छेद मी वडिलांना मोठ्याने वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत, पण रात्री जेवण झाल्यावर स्टॅटिनची गोळी त्यांनी आठवण न करता घेतली. आत्याच्या यजमानांना काय उत्तर पाठवायचे ते अजून ठरलेले नाही; आई म्हणते, दिवाळी होऊ दे.